आईंचं भक्तामर आणि पंख्याची घरघर



दशलक्षण पर्वात मंडळाच्या ग्रुपवर घरोघरचे पाठांतराचे व्हिडिओ आले. चेहरे छान दिसत होते, शब्द मात्र कळत नव्हते. पंखा, कुकर, रस्ता! तो आवाज साफ कसा करायचा, हे बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून लिहिते. मी बी.कॉम. झालेली, यंत्रातली नव्हे. पण हे काम निम्मं हिशेबाचंच आहे.

मी हे शिकले सासूबाईंच्या व्हिडिओसाठी. आई तेव्हा शहाऐंशीच्या. भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोक तोंडपाठ, तेही सांगलीकडच्या त्यांच्या माहेरच्या चालीत. संध्याकाळी साडेपाचला रेकॉर्ड केलं. सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणजे कुकर नेमका तेव्हाच लागणार. डोक्यावर पंखा, खाली निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून स्पाइन रोडला वळणारे कंटेनर. पुढच्या वर्षी आईंना अर्धांगवायूचा झटका आला. आता शब्द नीट उमटत नाहीत. त्या चालीतला पूर्ण पाठ आमच्याकडे हा एवढाच.

मुलगा म्हणाला, "आई, एआयला दे, मिनिटात साफ होईल." झालंही. बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ आवाज! पण आईंचा 'ष' तिथे 'स' झाला होता, आणि दोन ठिकाणी अक्षरच गायब. चहाच्या गप्पा असत्या तर चाललं असतं. स्तोत्रात कसं चालेल? नातवंडं यावरूनच पाठ करणार.

मग ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. व्हिडिओतला आवाज त्यात उघडायला एफएफएमपेग नावाची जोडणी आधी बसवावी लागते. पहिल्यांदा 'हाय-पास फिल्टर' लावून ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. कंटेनरची बरीचशी घरघर त्या खालच्या पट्टीत असते. बायकांचा आवाज साधारण दीडशेच्या वर सुरू होतो, त्याला धक्का लागत नाही. मग 'नॉइज रिडक्शन'. आई बोलत नाहीत, पण पंखा चालू आहे, असे दोन सेकंद निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं. नंतर सगळा पाठ निवडून तोच इफेक्ट लावायचा. म्हणजे नुसत्या गोंगाटाची रक्कम आधी काढायची आणि ती प्रत्येक पानावरून वजा करायची. अशा वजाबाकीची एक पद्धत १९७९ साली स्टीव्हन बोल या संशोधकाने मांडली होती.

वजा किती करायचं, इथेच सगळी मेख आहे. श, ष, स यांचा उच्चार म्हणजे मुळात हवेचा फुसकाराच. सॉफ्टवेअरला तो पंख्याचा भाऊ वाटतो. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ही अक्षरं पुसट होतात. मी सहा डेसिबलवर थांबले. पंखा थोडा ऐकू येतो, येऊ दे.

कॅसेट प्लेअरवरचं 'डॉल्बी' आठवतं ना? ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या देशात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनला कंपनी काढली, तीही टेपची खरखर कमी करण्यासाठीच.

खरखर गेल्यावर मगच 'कॉम्प्रेसर' लावा, म्हणजे हळू शब्द वर येतात. उलट क्रमाने केलंत तर पंखाच वर येईल. शेवटी 'नॉर्मलाइज' उणे एकवर. आणि मधला तुकडा कापून टाकू नका. आवाजाची लांबी बदलली की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. नको ते नुसतं गप्प करायचं. श्वास मात्र मी एकही गप्प केला नाही. त्या चालीत कुठे थांबायचं, ते आईंच्या श्वासावरूनच कळतं.

कुकरच्या शिट्ट्या तीन. नॉइज रिडक्शन सतत चालणाऱ्या आवाजावर चालतं, अचानक येणाऱ्यावर नाही. दोन शिट्ट्या श्लोकांच्या मधे होत्या, त्या गप्प केल्या. तिसरी नेमकी शब्दांवर आली आहे, ती ठेवली.

परवा आईंना हेडफोन लावून ऐकवलं. चार-पाच श्लोकांनंतर त्यांचे ओठ हलायला लागले. तिसरी शिट्टी आली तशी त्यांनी डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे बोट केलं: गॅस बंद कर.