फाडलेला निबंध

सातवीतल्या एका मुलीचा निबंध मी भर वर्गात फाडला. विषय होता आमच्या गावचं तळं. तिनं वडिलांच्या मोबाईलवर एआयला विचारून लिहून आणलं होतं. अक्षर सुरेख, भाषा गुळगुळीत आणि मजकूर असा, की कुणा मामानं भाच्यांसाठी खोदलं म्हणून ‘मामा तलाव’. “घरी आजा आहे ना तुझा? त्याला विचारता आलं नाही?” मी ओरडले.

राग जुनाच होता. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते, दीक्षा ॲप होतं. आणि घरातला एकच फोन रोवणीला गेलेल्या बापाच्या खिशात. त्या वर्षी मागं पडलेली पोरं मला अजून आठवतात. एआय आल्यावर वाटलं, उरलासुरला विचारही आता जाणार. शिक्षकांच्या बैठकीत मी तसं ठासून बोललेही होते.

दुसऱ्या दिवशी ती तोच कागद चिकटवून घेऊन आली. समासात पेन्सिलीनं आज्याचं सांगणं लिहिलेलं: मामा म्हणजे माजी मालगुजारी. तळं कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलं. बांधाला पार म्हणतात, पाणी सोडायच्या दाराला तुडुम. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी पद्धत, 1950 च्या कायद्यानं गेली, एवढंच मी त्यात घातलं.

“मोबाईल चुकला, मॅडम.”

मी वर्गासमोरच तिची माफी मागितली. रागात बोललेलं तिनं गृहपाठ म्हणून घेतलं होतं, आणि जे मी शिकवायला हवं होतं ते आपणच करून आणलं होतं.

आता शनिवारी एआय असलेला माझा फोन वर्गात असतो. पोरं त्याला धान, कोसा, वैनगंगा विचारतात, उत्तर फळ्यावर लिहितात आणि घरी जाऊन ताडून पाहतात. आमच्याकडच्या झाडीबोलीत तो अडखळतो. ‘डोरा’ म्हणजे डोळा, हे पोरंच त्याला सांगतात. अपूर्णांक मात्र चौथ्यांदा विचारले तरी तेवढ्याच शांतपणे समजावतो. दोन वर्ग एकत्र सांभाळताना मला ते जमत नाही, हे कबूल करते.

परवा एका मुलानं त्याला विचारलं, बहिणीच्या सिकलसेलच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का? उत्तर ठाम आलं. तळ्यासाठी आजा होता. हे ताडून पाहायला त्याच्या घरी कुणी नाही, आणि मलाही ते कळत नव्हतं. शाळा सुटल्यावर त्या मुलाला घेऊन मी गावच्या आशा सेविकेच्या घरी गेले.