अक्काला गाडी लागते

मंडळी, सत्तरी उलटलेल्या बाईने फोनच्या कॅमेऱ्यासाठी दांडा घ्यायचा म्हटलं की घरात काय काय ऐकावं लागतं! नात म्हणाली, "आजी, आता रील्स करणार?" मुलगा म्हणाला, "आधी चष्म्याचा नंबर तपासून घे." सूनबाई काही बोलली नाही, पण तिने किंमत विचारली आणि मी ती ऐकू न आल्यासारखं केलं.

हा दांडा म्हणजे सेल्फी स्टिक नव्हे. याला गिंबल म्हणतात. चालता चालता व्हिडिओ काढला तरी चित्र हलत नाही, असा त्याचा लौकिक. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला तो का हवासा वाटला, ते सांगते.

माझी थोरली बहीण, अक्का, डोंबिवलीला असते. वय शहाऐंशी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. आमचं माहेर पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. तिथे आता भाचा आणि त्याचं कुटुंब राहतं. अक्का सात वर्षांत तिकडे गेलेली नाही आणि आता जाणं होईल असं तिलाही वाटत नाही. घराचे, आईबाबांचे फोटो होते ते माझ्याकडे. आम्ही तेव्हा महाडात बाजारपेठेजवळ राहायचो. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातले तिन्ही अल्बम चिखलात गेले. ज्या दिवशी तळियेवर दरड कोसळली, आमच्या पोलादपुरातल्या साखर सुतारवाडीत आणि केवनाळ्यात माणसं गाडली गेली, त्या दिवसांत अल्बमसाठी रडायची लाज वाटली. म्हणून रडले नाही. नंतर आम्ही बिरवाडीला, मुलाच्या कारखान्याजवळ राहायला आलो. पण अक्का फोनवर अधूनमधून विचारायची, "त्यातला एकही वाचला नाही का गं?"

मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "फोटो जाऊ देत. तू मला एकदा वेशीपासून घरापर्यंत चालत ने. तुझ्या त्या फोनमधून."

मी नेलं. वेस, पाणवठ्याची वाट, विहीर, पाखाडी, अंगण. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. तिच्या मुलाने तो टीव्हीला जोडला. दोन मिनिटांत अक्काचा आवाज आला, "बंद कर गं बाई, गाडी लागली मला!"

गाडी लागणं म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या एस.टी.त हातात लिंबू धरून बसलेली माणसं पाहतच आम्ही वाढलो. गाडी लागण्याचं कारण असं सांगतात की शरीराला एक हालचाल जाणवते आणि डोळ्यांना वेगळीच दिसते. टीव्हीपुढे त्याचं उलट होतं. डोळे म्हणतात चाललो, कान म्हणतात खुर्चीत बसलोय. अक्काला आधीच चक्करेचा त्रास. त्यात माझा व्हिडिओ म्हणजे पन्हळी पत्र्यावरून ओढलेली बैलगाडी.

मी स्वतः पुन्हा पाहिला तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. जिथे मी उभी राहिले होते, विहिरीपाशी, तिथेही चित्र थरथरत होतं.

हे इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. दोन-तीन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कंपवात नाही. हाताने काही करायला गेलं की येणारी थरथर आहे, वयानुसार वाढते. फळ्यावर एका दमात महाराष्ट्राचा नकाशा काढणारा हात हा. मुलं म्हणायची, "बाई, कोकणचा किनारा न बघता काढतात!" आता चहाचा कप बशीत वाजू नये म्हणून मी बशीच घेत नाही. घरात वाटतं की मला बशी आवडत नाही.

तर गिंबलची चौकशी सुरू झाली. माझा एक जुना विद्यार्थी महाडच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. इतिहासात कायम काठावर पास, पण हाताला कमालीचा हुशार. पहिली पाळी सुटल्यावर आला. मी म्हटलं, "अरे, कोणता दांडा घेऊ?"

तो म्हणाला, "बाई, घ्यायचं नंतर बघू. आधी थरथर कुठून येते ते बघू."

मग त्याने जे सांगितलं ते मला कुठल्याही जाहिरातीत सापडलं नव्हतं. कारखान्यात पंप थरथरायला लागला की नवशिका खाली रबरी पॅड टाकायला धावतो. जुना फिटर आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि ऐकतो. बेअरिंग झिजलंय, की पायाचे बोल्ट सैल झालेत, की मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत? थरथर वरून सारखीच दिसते, पण इलाज तिघांचे तीन.

त्याने माझ्याकडून तीन व्हिडिओ काढून घेतले. एक उभी राहून, एक अंगणातून चालत, एक टेबलावर कोपरं टेकून. तिन्ही टीव्हीवर लावले. उभी होते तेव्हा चित्रात बारीक, भराभर कंप. चालताना मोठा, संथ हेलकावा. क्षितिज वरखाली आणि थोडं डावीउजवीकडे. आणि कोपरं टेकल्यावर... जवळजवळ स्थिर! त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "बाई, हाताचं काम मोटर करील. चालीचं काम दांड्याला पुरतं जमत नाही, ते तुम्हाला करावं लागेल."

आता थोडं शास्त्र, मला समजलं तेवढं. फोनमध्येही स्थिरतेची सोय असते. काहींत भिंग किंवा त्यामागचा सेन्सर किंचित सरकून हाताचा कंप झेलतो. दुसऱ्या प्रकारात फोन चित्राच्या कडा कापतो आणि उरलेली चौकट मागेपुढे सरकवून हालचाल लपवतो. दिवसा हे बरं चालतं. अंधारात मात्र प्रत्येक चित्रच मुळात फरफटलेलं असतं, मग चौकट सरकवून काय होणार? आणि आमच्याकडे शिमग्याची पालखी अंगणात येते ती रात्रीच.

गिंबलची कल्पना जुनी आहे. जहाजावरचं होकायंत्र एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये टांगायचे, म्हणजे गलबत कितीही डोललं तरी ते सपाट राहायचं. आजच्या दांड्यात कड्यांच्या जागी तीन मोटरी असतात. एक डावीउजवीकडे वळण्यासाठी, एक वरखाली झुकण्यासाठी, एक चित्र तिरकं होऊ नये म्हणून. हात एकीकडे हलला की आतला सेन्सर ते ओळखतो आणि मोटर फोनला उलट्या दिशेने तेवढंच फिरवते. याच युक्तीवर थरथरत्या हातांसाठी अमेरिकेत चमचाही निघाला होता, आणि तो काढणारी कंपनी गूगलने २०१४ मध्ये विकत घेतली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या चमच्यांकडे बघत बसले होते.

सिनेमावाल्यांना चालता कॅमेरा स्थिर ठेवणं जमलं ते सत्तरच्या दशकात. गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने स्टेडिकॅम काढला आणि १९७६ च्या 'रॉकी'मध्ये पायऱ्या चढत धावणाऱ्या नायकामागे कॅमेराही हेलकावा न खाता धावला. त्यात मोटरी नव्हत्या. वजनांचा तोल होता आणि अंगाला बांधलेला स्प्रिंगचा हात होता. पावलांचा वरखाली धक्का तो स्प्रिंगचा हात गिळायचा. आमच्या छोट्या दांड्यात नेमका तोच नसतो. म्हणून तीन मोटरी असल्या तरी माणूस धपाधप चालला की चित्र उड्या मारतंच.

दुकानात गेले तेव्हा डोक्यात पक्कं होतं. पहिला दांडा स्वस्त होता, खोक्यावर 'स्टॅबिलायझर' लिहिलेलं, पण मोटर एकच. तो तिरकेपणा सावरतो, बाकी दोन्ही हालचाली तशाच. नको. दुसरा छोटा कॅमेराच होता, वर गिंबल बसवलेला. फार देखणा, पण चाळीस हजारांच्या वर. पेन्शनीला नमस्कार करून तो परत ठेवला. लग्नाची शूटिंग करणाऱ्या मुलाने त्याचा मोठा गिंबल हातात दिला. कॅमेऱ्यासकट दोन-अडीच किलो. दोन मिनिटांत मनगट म्हणालं, बाई, पुरे.

राहिले फोनचे तीन मोटरींचे दांडे. त्यात मी चार गोष्टी पाहिल्या. माझा फोन कव्हर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून नेला होता, कारण प्रत्येक दांड्याला वजनाची मर्यादा असते आणि जड फोन लावला की मोटरी दमतात, गुरगुरतात. दुसरं, दांड्याचं स्वतःचं वजन. मी घेतला तो तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फोनसकट अर्धा किलो. तिसरं, सुरू-बंदचं बटण अंगठ्याखाली येतं का आणि ते न पाहता सापडतं का. चौथं, कंपनीचं अ‍ॅप न घेताही फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर चालतो का. चेहऱ्यामागे कॅमेरा आपोआप वळवायची सोयही होती. दुकानदार ती पुन्हा पुन्हा दाखवत होता, पण ती सारखी त्याच्याच चेहऱ्यामागे जात होती. असो.

आणखी एक. भाचा म्हणाला, "आत्या, फोन मोटारसायकलच्या हँडलला लावू, पोलादपुरापासून सगळा रस्ताच येईल." फिटरने साफ नाही म्हटलं. मोठ्या इंजिनांच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, असं २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच जाहीर केलं होतं.

आता प्रश्न चालीचा. गच्चीवर सराव सुरू केला. आठ दिवस चित्र उड्याच मारत होतं. इंटरनेटवरची तरुण मुलं सांगतात, गुडघे थोडे वाकवा, टाच आधी टेकवा, पाऊल लहान टाका, कमरेवरचा भाग तरंगल्यासारखा ठेवा. ते वाचता वाचता मी थांबले. हे मला कुणीतरी आधी सांगितलं होतं.

मी सात वर्षांची होते. अक्का एकोणीसची, लग्न ठरलेलं. ती सासरी गेल्यावर पाणी मी आणायचं म्हणून त्या उन्हाळ्यात तिने मला कळशी डोक्यावर घेऊन पाखाडी चढायला शिकवलं. "गुडघे सैल सोड. पायाकडे बघू नको, समोर बघ. घाई केलीस की पाणी अंगावर." पहिले कित्येक दिवस मी भिजून घरी यायची. मग एक दिवस थेंब सांडला नाही, आणि अक्काने चुंबळ माझ्या डोक्यावर राहू देऊन नुसती कळशी उतरवली, जशी मोठ्या बायकांची उतरवतात.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी दांडा दोन्ही हातांनी धरला, कोपरं पोटाशी घेतली, आणि डोक्यावर भरली कळशी आहे असं समजून चालले. चित्र सरळ आलं.

यंदाच्या शिमग्याला माहेरी गेले. "भाच्याला सांगायचं ना काढायला," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. भाचा पालखीला खांदा देणार होता. आणि अक्काला काय बघायचंय ते त्याला ठाऊक नव्हतं. दिवसा वेशीपासून घरापर्यंत दांडा घेऊन चालले. विहिरीपाशी थांबले, पाखाडी सावकाश चढले. मध्ये दोनदा बसले, तेव्हा व्हिडिओ बंद केला. रात्री मात्र गिंबल पिशवीत ठेवला. पालखी अंगणात येते तेव्हा मला चालायचं नव्हतं, मग मोटरी कशाला? ओटीच्या कोपऱ्यात तीनपायी स्टँडवर फोन लावला आणि हात मोकळे ठेवले. खालूबाजा वाजत होता, पोरं पालखी नाचवत होती, आणि मी अक्काच्या वतीने देवीची ओटी भरली. नारळ ठेवताना हात थरथरला. व्हिडिओत तो स्पष्ट दिसतो, कारण कॅमेरा हलत नव्हता.

गेल्या रविवारी तिच्या मुलाने तो टीव्हीवर लावला. मी फोनवर होते. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, लागली पुन्हा गाडी. शेवटी अक्का बोलली. "विहिरीचा कठडा कुणी बांधला नवीन?" मग, "तुळस दाखवली नाहीस." (खरंच राहिली!) मग ओटीचा भाग आला तेव्हा, "तुझा हात कधीपासून गं असा?"

मी म्हटलं, "दोन-तीन वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

थोड्या वेळाने म्हणाली, "माझाही थरथरतो. मी पेला अर्धाच भरून घेते." आणि मग मुलाला, "अरे, मागे घे. मला परत विहिरीपासून चालत यायचंय."

तीनदा पाहिला तिने. गाडी लागली नाही.

कुणाला दांडा घ्यायचा असेल तर फिटरचा सल्ला माझ्याकडून घ्या. आधी उभं राहून, चालून, कोपरं टेकून असे तीन व्हिडिओ काढा आणि आपली थरथर कोणती ते ओळखा. एका जागी बसूनच काढायचं असेल तर तीनपायी स्टँड पुरे, पैसे वाचतील. चालायचं असेल तर तीन मोटरी हव्यात, आणि गच्चीवर आठ-पंधरा दिवस सराव.

तुळशीसाठी मला परत जायचं आहे. पावसाआधी गेलेलं बरं. तूर्तास इतकंच.