निवळण्याचा इतिहास: छावणीची बिअर आणि कोळ्यांचा भोत

१/ देहूरोड म्हटले की लष्करी डेपो, लोहमार्गावरचे स्थानक आणि जवळचे तुकोबांचे देहू आठवते. मात्र हे छावणीचे गाव आहे, आणि गोरा सैनिक जिथे गेला तिथे त्याची बिअरही गेली. तिच्याबरोबर एक जुना प्रश्न गेला: पेल्यातला गढूळपणा घालवायचा कसा? त्याच्या उत्तरात मुंबईच्या कोळीवाड्यांचाही वाटा आहे. त्याचा हा धागा.

२/ आधी गढूळपणाचे मूळ पाहू. ‘एल’ जातीची बिअर साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. आरंभीचे काही दिवस ते फेसाबरोबर वर चढते. साखर सरत आली की त्याच्या पेशी एकमेकींना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसू लागतात.

३/ पुंजका होणे इतके महत्त्वाचे का? यीस्टची एक पेशी जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटरची. १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमानुसार द्रवात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गानुसार वाढतो. व्यास दसपट, तर वेग शंभरपट. सुटी पेशी आठवडेच्या आठवडे तरंगते. पुंजका मात्र काही दिवसांत तळ गाठतो. या बिलगण्याला पाण्यातले कॅल्शियमही लागते.

४/ हे तत्त्व आपल्याकडच्या घरांना परके नव्हते. पावसाळ्यात नदीचे लाल पाणी घरात आले की माठाच्या आतल्या बाजूला निवळीची बी घासत, नाहीतर पाण्यात तुरटी फिरवत. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत हीच बी ‘कतक’ या नावाने येते. बारीक कण एकत्र यावेत, जड व्हावेत आणि खाली बसावेत, एवढेच तिचे काम.

५/ इंग्लंडच्या मद्यकारांची ‘निवळी’ वेगळी होती. माशाच्या पोटातला हवेचा फुगा वाळवून, सौम्य आम्लात भिजवून त्याचा लगदा करत. त्याचे नाव आयसिंग्लास. त्यातल्या कोलॅजेनवर धन विद्युतभार असतो, तर यीस्टवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरतात आणि गाळ बसतो. उत्तम माल रशियातल्या स्टर्जन माशाचा, पण तो महाग. १७९५ च्या सुमारास वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मर्डॉक यांनी कॉड माशापासून पर्याय तयार केला, तो याच कारणाने.

६/ स्वस्त मालाचा शोध पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये इथल्या आयसिंग्लासवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. घोळीसारख्या माशांचा हा फुगा, कोळ्यांचा ‘भोत’, पूर्वीपासून वाळवून चीनला खाण्यासाठी जात होता. कालांतराने आयसिंग्लासच्या इंग्रजी बाजारात ‘बॉम्बे’ हे मालाच्या एका प्रकाराचे नाव झाले.

७/ एकीकडे भोत मुंबईहून जहाजाने बाहेर जाई. दुसरीकडे इंग्लंडची पेल एल आणि पोर्टर पिंपांतून मुंबईत उतरे, बोरघाट चढे आणि पुणे-खडकीच्या छावण्यांत पोचे. दोन्ही गोष्टी एकाच पिंपात भेटल्या असतीलच असे नाही. व्यापाराची वाट मात्र एकच होती. कच्चा माल इथून जाई, तयार माल इथे येई. भोत सुकवणाऱ्या हातांना त्या पेल्यातला हिस्सा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

८/ मग बिअर इथेच का करत नव्हते? अडचण उन्हाची. दख्खनच्या उन्हाळ्यात यीस्ट भडकून काम करते आणि उग्र चव सोडते. आंबट करणारे जंतूही फोफावतात. शिवाय कोलॅजेनची लगदी उष्णतेत विरघळून तिचे जिलेटिन होते आणि गाळ बसवण्याची तिची शक्ती मंदावते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एडवर्ड डायर यांनी मद्यशाळेसाठी थंड हवेचे कसौली निवडले. जालियनवाला बागेतला जनरल डायर हा त्यांचाच मुलगा.

९/ दुसऱ्या महायुद्धात देहूरोडचा डेपो उभा राहिला, तोवर यंत्राने गारवा निर्माण करता येत होता. पण लवकरच कायदा आडवा आला. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. नाव बदलले, दुरुस्त्या झाल्या, तरी महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे आजही गुन्हाच आहे.

१०/ परवान्याची वाट मात्र खुली झाली. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हे नाव देवळालीचे. तिथल्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या सैनिकांमुळे ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत वेडसरपणासाठी रूढ झाला.

११/ आज मद्यकार काय करतात? घनतामापकाचा आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिला, म्हणजे आंबणे पुरे झाले असे समजतात. मग बिअर १ ते ४ अंशांपर्यंत थंड करून दोन-तीन दिवस न हलवता ठेवतात. गरज पडली तर जिलेटिन घालतात. शेवटी वरचा नितळ भाग काढून तळाचा गाळ मागे ठेवतात. एकेकाळी डोंगर चढून मिळवावा लागणारा गारवा आता टाकीभोवतीच्या नळ्यांतून मिळतो.

१२/ बिअरचे माशावाचून अडत नाही. गिनेसने २०१५ मध्ये नव्या गाळणीसाठी आयसिंग्लास सोडण्याचे जाहीर केले. भोताला मात्र पूर्व आशियात आजही मोठी मागणी आहे. एखाद्या होडीला घोळींचा थवा लागला की लाखोंचा सौदा होतो आणि त्याची बातमी होते. तीच घोळ आता जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावर गणली जाते. मद्यशाळांना पर्याय सापडला. घोळ संपली तर कोळीवाड्याला कोणता पर्याय, हा प्रश्न अजून निवळलेला नाही.