उन्हावर ढकललेला दोष

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे गेला आणि जुन्या गाडीचा ऑइलचा दिवा मूर्तिजापूरजवळ लुकलुकू लागला, की सगळा दोष उन्हावर जातो. मला हे पटत नाही. तापलेलं ऑइल पातळ होतं, दाब उतरतो, हे खरंच. पण पाण्याने थंड होणाऱ्या धडधाकट इंजिनात थर्मोस्टॅट तापमान आवरून धरतो. बाहेर वाढलेले अंश आत तसेच्या तसे उतरत नाहीत. हिवाळ्यात भागलं आणि उन्हाळ्यात दिवा लागला, तर झीज आधीचीच असण्याचा संभव जास्त. ऊन ती फक्त चव्हाट्यावर आणतं.

कुणी म्हणेल, घट्ट ऑइल टाकलं की दिवा जातो. जातो ना! बेअरिंगच्या वाढलेल्या फटीतून ते सावकाश निसटतं, म्हणून दाब चढतो. फट मात्र तेवढीच राहते. घट्ट ऑइल टाकण्याआधी डिपस्टिक काढून वास घ्यावा. अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनीत पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला, तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पातळी वाढलेली दिसते आणि ऑइल पाण्यासारखं बोटावरून ओघळतं. तसं नसेल, तर दिव्याचा सेंडर काढून तिथे मेकॅनिकल गेज लावावा, कारण कित्येकदा सेंडरच खोटं बोलतो. गेजवरही दाब कमीच असेल आणि गरम इंजिनात रेस दिल्यावर काटा चढला, तर संशय झिजलेल्या बेअरिंगवर किंवा पंपावर; चढलाच नाही, तर तुंबलेली जाळी किंवा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह आधी बघावा. गेजचा खर्च किरकोळ, क्रँकचं काम त्याच्या कितीतरी पट. आणि दिवा लागलेला असताना ‘बडनेऱ्यापर्यंत तरी नेऊ’ म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा.