वाडीचा वजनकाटा

माझे वजन हा खोताच्या वाडीत कधीच खाजगी प्रश्न नव्हता. वाडीतले बोळ मुळात इतके अरुंद, की समोरून कोणी आले म्हणजे एकाने भिंतीला खेटून उभे राहावे. लहानपणी मी दिसलो, की समोरचा आधीच खेटून उभा राही आणि मी पुढे सरकलो म्हणजे ओरडे, "गेली हो गेली, ट्राम गेली!" मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली, माझी मात्र पुढे कित्येक वर्षे चालू होती.

हे सारे माझ्या भल्यासाठी, बरे का! काकू म्हणत, "लाज वाटली म्हणजे आपोआप उतरेल." मी मनसोक्त लाजलो. चारचौघांत एकच चकली खाई आणि निजानीज झाली, की अंधारात डबा उघडून पाच. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून चकली जिभेवर धरून मऊ करण्याची कला मला साधली. लोक बघतील म्हणून चौपाटीवर फिरायला जाणे मात्र सुटले.

लाजेचे कैवारी एक दाखला देतात. फेब्रुवारी 2017 मध्ये, महापालिका निवडणुकीच्या दिवशी, लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचे छायाचित्र ट्विटरवर टाकून बंदोबस्तावर कोटी केली. गृहस्थ निघाले मध्य प्रदेशचे. वजन 180 किलो. पुढे आमच्या चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन खूप उतरले. लोक म्हणाले, पाहा लाजेचा गुण! पण आपला लठ्ठपणा आजारातून आला, असे ते स्वतः सांगत होते. हसणारे त्यांना आधीही भेटले असतील. नवा भेटला तो शल्यवैद्य.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2014 साली इंग्लंडमधल्या 2,944 माणसांची चार वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचे सांगणारे सरासरी 0.95 किलोने वाढले होते, बाकीचे 0.71 किलोने उतरले होते. एकामुळेच दुसरे घडले, असे यावरून ठाम म्हणता येत नाही; पण काकूंच्या औषधाचा गुण आला, असे तर मुळीच म्हणता येत नाही.

एवढे शहाणपण गाठीशी असून मी काय करावे? गेल्या दिवाळीत फराळाला बसलेल्या नातीने तिसरा लाडू उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, ट्राम होशील!" तिने ट्राम कधी पाहिलेली नाही, पण अर्थ तिला बरोबर कळला. लाडू मुकाट्याने ताटलीत परत गेला.

रात्री पाणी प्यायला उठलो, तो स्वयंपाकघरात अंधारात डब्याचे झाकण वाजले. साठ वर्षांपूर्वीचा तोच आवाज! मी दिवा लावला नाही. तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "चुकलो गं, बाळ. मलाही एक दे." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग अर्धा लाडू माझ्या हातावर आला.

आता सकाळी आम्ही दोघे चौपाटीपर्यंत चालत जातो. कोणाचे किती उतरले, ते विचारू नका. काटा आम्ही घरात आणलेलाच नाही. यंदाचा लाडू मात्र ती दिव्याच्या उजेडात, माझ्यासमोर बसून खाणार आहे. निदान तसे तिने कबूल केले आहे.