ज्वारीच्या मुलखात जेवायचे कुठे?

महाराष्ट्रात कर्जत नावाची तालुक्याची गावे दोन आहेत. पहिले रायगड जिल्ह्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे लोहमार्गावर. बटाटेवड्यासाठी आणि शेतघरांसाठी नावाजलेले. दुसरे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात. मोबाईलवर ‘कर्जतमधील चांगली उपाहारगृहे’ असे शोधले, की बहुधा पहिल्याच कर्जतची यादी पुढे येते. तरणतलाव, हिरवळ आणि माणशी दरासह. दुसऱ्या कर्जतला सहकुटुंब निघालेल्या प्रवाशाला या यादीचा काडीचाही उपयोग नाही. त्याला जुन्या रीतीने, विचारत आणि पाहत, आपले जेवण शोधावे लागते. माझ्या मते त्यात त्याचे नुकसान फारसे होत नाही.

या बाजूला येणारे बहुसंख्य लोक देवदर्शनासाठी येतात. अष्टविनायकांपैकी अहिल्यानगर जिल्ह्यात असलेला एकमेव गणपती, सिद्धटेकचा सिद्धिविनायक, याच तालुक्यात भीमेच्या काठी आहे. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. राशीनला देवीचे देऊळ आणि तिथल्या सुप्रसिद्ध हलत्या दीपमाळा आहेत; खुद्द कर्जतमध्ये संत गोदड महाराजांचे समाधिमंदिर आहे. शिवाय गावापासून थोड्याच अंतरावर रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांचे. पण गवताळ माळावर कळपाने उभी असलेली काळविटे पाहताना लहान मुले आपली भूकसुद्धा विसरतात. मोठ्यांना मात्र ती विसरून चालत नाही.

कारण अशा सहलीत गाडीत तीन पिढ्या असतात. एखाद्या आजोबांना मधुमेह, आजींना रक्तदाब, नातवंडाचे पोट नाजूक. सकाळी सिद्धटेकची रांग, मग राशीन, मग ‘कर्जतला पोहोचल्यावरच निवांत जेवू’ असे म्हणत म्हणत दुपारचे अडीच वाजतात. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे उन्हाचा त्रास समजून दुर्लक्षिली जातात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि त्यानंतर लगेच जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. ‘चांगले आणि स्वस्त कुठे मिळेल’ या प्रश्नाआधी ‘किती वाजता मिळेल’ हा प्रश्न येतो, तो यासाठी. प्रवासात जागेइतकीच वेळही निवडावी लागते.

आणि नेमकी इथेच लहान गावाची घडी आपल्या उपयोगी पडते. तालुक्याच्या गावात बाहेर जेवणारा खरा गिऱ्हाईक प्रवासी नसतोच. कचेरीत आणि तहसीलच्या कामासाठी खेड्यांतून आलेला शेतकरी, बाजार समितीतला हमाल, एसटीचा वाहक, बदलीवर एकटाच राहणारा बँकेचा कारकून किंवा शिक्षक ही माणसे रोज किंवा आठवड्यातून अनेकदा बाहेर जेवतात. त्यांना महाग परवडत नाही, वाईट परवडत नाही, आणि उशीर तर मुळीच परवडत नाही. त्यांच्यासाठी चालणाऱ्या खानावळीत बारा ते दीडच्या दरम्यान स्वयंपाक नुकताच उतरलेला असतो. अडीचनंतर त्याच ठिकाणी तेच अन्न निवलेले, ढवळून ढवळून बसलेले मिळते. शिजविलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, गरम ठेवायचे तर साठ अंशांच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान खानावळीत तापमापक नसतो. तिथे गिऱ्हाइकाचे घड्याळच तापमापकाचे काम करते. म्हणून रेहेकुरी पहाटे किंवा संध्याकाळी ठेवावे (काळविटेही तेव्हाच चांगली दिसतात) आणि साडेबाराच्या सुमारास पंक्तीत बसावे.

विचारायचे कसे, यालाही थोडी जाण लागते. ‘इथे चांगले हॉटेल कुठे?’ असे विचारले, की गावातला माणूस आपल्याला सर्वांत महागड्या ठिकाणी धाडतो. यात लबाडी नसते, पाहुणचार असतो. पाहुण्याला साध्या बाकावर बसवायचे त्याला कसेसेच वाटते. मग आपण ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या पाटीखाली येऊन पोहोचतो. शेजारच्या दाराला ‘परमिट रूम’ची पाटी असते आणि हातात दोनशे पदार्थांचे कार्ड पडते. दोनशे पदार्थ रोज ताजे शिजविणारे स्वयंपाकघर तालुक्याच्या गावात असूच शकत नाही. असते ते शीतपेटीतले दोन-तीन रंगांचे वाटण आणि त्यात ऐनवेळी पडणारे पनीर. त्याऐवजी ‘तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?’ असे विचारावे. उत्तरादाखल आधी एक हसू येते, आणि त्यानंतर जो पत्ता येतो तो बहुधा खरा असतो.

पत्ता मिळाला, तरी डोळे उघडे ठेवून आत जावे. या मुलखात चांगल्या जागेची एक खूण आहे. इतरत्र ती इतकी उपयोगी पडत नाही. इथे मात्र मला ती कुठल्याही तारांकनापेक्षा भरवशाची वाटते. ती म्हणजे ज्वारीची भाकरी.

कर्जत आणि शेजारच्या जामखेडचा हा पट्टा रब्बी ज्वारीचा. पावसाळ्यात काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर हिवाळ्यात वाढणारी ही ज्वारी चवीला गोडसर असते. तिच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे कणीक मळून तासन्‌तास झाकून ठेवावी तसे ते ठेवता येत नाही. ते सुकते आणि चिरते. भाकरीला आधण लागते, एकेका उंड्यापुरते पीठ मळावे लागते, ते लगेच थापावे लागते, आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवून निखाऱ्यावर किंवा जाळावर फुगवावे लागते. सकाळी मळून ठेवलेल्या मैद्याच्या गोळ्यांची रोटी संध्याकाळीही तितकीच मऊ लाटता येते. भाकरीच्या पिठाशी असली चलाखी चालत नाही. ज्या खानावळीच्या मागच्या बाजूने थापण्याचा आवाज येतो, तिथे गिऱ्हाईक आल्यावर अन्न तयार करण्याची शिस्त आहे एवढे नक्की समजावे. जिथे थंड भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून ठेवलेली दिसते, तिथे पाणी पिऊन निघावे. खरे तर पाणीही आपल्या बाटलीतलेच प्यावे.

भाकरी पौष्टिक असली, तरी तिच्या भरवशावर मधुमेह्याने मोकळे सुटू नये. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकेच तंतू असतात; मैद्यात तंतू तीन ग्रॅमही नसतात. पण त्याच शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भागही पासष्ट ग्रॅमांच्या वर असतो, आणि खानावळीतली भाकरी घरच्या भाकरीपेक्षा हमखास मोठी असते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीला औषधाचे वलय आले आहे. ते जरा उतरवून एका भाकरीवर थांबावे, सोबत उसळ किंवा पालेभाजी घ्यावी आणि भात टाळावा.

कर्जतला येऊन शिपी आमटी चाखली नाही, तर गावकरी आपल्याला माफ करणार नाहीत. डाळींची, काळ्या मसाल्याची, लालभडक तवंगाची ही आमटी ताटात भाकरी कुस्करून तिच्यावर ओतायची आणि नाक पुसत खायची. आरोग्याच्या पाक्षिकात तिची शिफारस करावी का, असा प्रश्न पडेल. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण दोन अटींवर. आमटी उकळती वाढली जाते, त्यामुळे जंतूंच्या दृष्टीने ती ताटातल्या सर्वांत निर्धोक पदार्थांपैकी एक आहे, आणि डाळीमुळे ती प्रथिनांची चांगली साथ देते. अटी अशा, की तवंग बाजूला काढून मागावा आणि मीठ वरून घेऊ नये. दिवसाला पाच ग्रॅमांपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आमटी, ठेचा, लोणचे आणि तळलेला पापड मिळून तिचा मोठा भाग एकाच पंक्तीत संपू शकतो. रक्तदाब असलेल्यांनी ठेचा केवळ बोटाला लावण्यापुरताच ठेवावा. मुलांसाठी पिठले सांगावे. ते दहा मिनिटांत समोर शिजते, कमी तिखट करून मिळते आणि कोणत्याही ताटापेक्षा स्वस्त पडते.

धोका असतो तो ताटातल्या थंड आणि कच्च्या भागात. चिरून ठेवलेला कांदा, पाण्यात भिजत पडलेली काकडी, ओल्या नारळाची चटणी, बर्फ घातलेले ताक. कांदा अख्खा मागून घ्यावा आणि आपण फोडावा. या मुलखात त्याला कोणी विक्षिप्तपणा म्हणत नाही, उलट तीच इथली रीत आहे. नाश्त्याची भजी तळणाऱ्या कढईतले तेल काळसर, चिकट, फेसाळ दिसत असेल, तर पुढे चालू लागावे. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांहून अधिक झाले, की ते तेल वापरू नये असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाला ते मोजता येत नाही, पण डोळ्यांना आणि नाकाला पुष्कळ कळते. वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेला वडाही नाकारावा. छपाईची शाई पोटात जाण्याजोगी नसते, आणि असा कागद वापरण्यास अन्नसुरक्षा यंत्रणेची मनाईच आहे.

प्रत्येक उपाहारगृहाने, मग ते टपरीएवढे का असेना, अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. तो क्रमांक म्हणजे स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र नव्हे. मात्र काही बिघडल्यास तक्रार कोणाविरुद्ध करायची हे त्यावरून ठरते. मी स्वतः त्यापेक्षा हात धुण्याच्या जागेकडे आधी पाहते. जिथे साबण आहे आणि नळाला पाणी आहे, तिथे स्वयंपाकघरातही ते असण्याची शक्यता मोठी.

चतुर्थीला सिद्धटेकला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी गर्दी अफाट असते आणि बरेच जण उपवासाचे असतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, गोड चहा एवढ्यावर दिवस काढणे तरुणांना जमते. मधुमेही वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हा आहार म्हणजे आधी साखरेचा चढ आणि मग उतार. त्यांच्यासाठी घरून भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी आणि एखादे फळ न्यावे. उपवास करायचाच असेल, तर गोळ्यांचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ही झाली बाहेरून कर्जतला येणाऱ्यांची कथा. कर्जतहून नगरला किंवा पुण्याला जाणाऱ्यांची कथा अधिक कठीण असते, कारण ते बहुतेकदा सहलीला नव्हे, दवाखान्यासाठी निघालेले असतात. रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळते. सोबतचा माणूस मात्र दहा-बारा दिवस वडापाव आणि चहावर राहतो आणि शेवटी स्वतःच आजारी पडतो. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून सुरू केलेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी अशांसाठीच रुग्णालये, बसस्थानके आणि बाजारपेठांजवळ ठेवण्यात आली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात असे तिचे ठरलेले स्वरूप. मोठ्या भुकेला हे पुरत नाही, पण दोन वडापावांपेक्षा ते कितीतरी बरे. केंद्र चालू आहे का, हे रुग्णालयातल्या परिचारिकेला किंवा जुन्या रुग्णाच्या नातेवाइकाला विचारावे. पुण्याच्या पेठांतल्या विद्यार्थ्यांच्या खानावळींतही महिन्याचे पैसे न भरता एक वेळचे पाहुण्यांचे ताट मिळू शकते. तिथेही प्रश्न तोच विचारावा, फक्त ‘तुम्ही कुठे जेवता’ हे रिक्षावाल्याऐवजी विद्यार्थ्याला विचारावे.

कर्जतहून परतीची वाट राशीनवरून भिगवणकडे जाते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि रस्त्यालगत मासळीच्या खानावळी आहेत. मासा कापण्यापूर्वी पाहायला मागावा. डोळे चमकदार आणि कल्ले लाल असतील तरच ‘होय’ म्हणावे. तळलेल्यापेक्षा रश्श्यातला घ्यावा. मुले सोबत असतील, तर चिलापी सांगावी. तिचे काटे मोठे असतात, हाताला लागतात आणि पानावरच वेचून काढता येतात.