वीरकथा कोणत्या क्रमानें वाचाव्या?

काय वाचावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणत्या क्रमानें वाचावें हें सांगणारा क्वचितच भेटतो. एकाच ग्रंथापुरता हा प्रश्न उद्भवत नाहीं, कारण पानांवर आंकडे असतात. परंतु एकाच नायकाच्या शेंकडों गोष्टी, निरनिराळ्या काळीं व निरनिराळ्या हातांनीं लिहिलेल्या, जेव्हां वाचकापुढें येऊन पडतात, तेव्हां त्यांतली पहिली कोणती हें ठरविणें सोपें नसतें. मुखवटा घालून दुष्टांचें निर्दालन करणाऱ्या अद्भुत वीरांच्या ज्या चित्रकथांना आपलीं मुलें 'कॉमिक्स' म्हणतात, त्यांच्या बाबतींत हा पेंच विशेष जाणवतो. ज्या घरांत मुलें वाचतात, त्या घरांतील वडील माणसांना तो केव्हां ना केव्हां सोडवावा लागतोच. म्हणून त्याविषयीं आमचे कांहीं विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोणी म्हणेल, इतक्या हलक्या वाङ्मयासाठीं क्रमाची चिकित्सा कशाला? आमचें उत्तर असें कीं, ज्या वयांत मनुष्य 'आधीं काय आणि मग काय' हें शिकतो, त्याच वयांत तो हें वाङ्मय वाचतो. तेव्हां त्याच्या हातीं काय पडतें इतकेंच नव्हे, तर कशामागून काय पडतें, हेंही आपण पाहिलें पाहिजे.

वाचनाचे क्रम मुख्यतः तीन. ज्या क्रमानें गोष्टी प्रसिद्ध झाल्या तो प्रकाशनक्रम. नायकाच्या आयुष्यांत त्या ज्या क्रमानें घडल्या तो कालक्रम. आणि रद्दीच्या दुकानांत, ग्रंथालयाच्या फळीवर किंवा शेजाऱ्याच्या पेटींत ज्या क्रमानें त्या आपणांस सांपडल्या तो प्राप्तिक्रम. विद्वान पहिल्या दोहोंविषयीं वाद घालतात. आमच्या पिढींतील बहुतेक मुलांचें वाचन मात्र तिसऱ्यानेंच झालें, आणि त्यांत त्यांचें फारसें बिघडलें नाहीं.

वेताळाचेंच उदाहरण घ्या. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ पासून 'फँटम' ही चित्रकथा वर्तमानपत्रांतून रोज थोडी थोडी देण्यास आरंभ केला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स' या मालेचा पहिला अंक मार्च १९६४ मध्यें निघाला, तो याच नायकाच्या कमरपट्ट्याची गोष्ट घेऊन. म्हणजे नायक जन्मास येऊन अठ्ठावीस वर्षें लोटल्यावर आपली व त्याची ओळख झाली, आणि तीही मधल्याच एका प्रसंगीं. तरी कोणाचें अडलें नाहीं, कारण आपल्या नायकाची पूर्वपीठिका लेखक वेळोवेळीं दोनचार चित्रांत पुन्हां सांगत असे. १५३६ सालीं चांच्यांनीं एक जहाज बुडविलें. त्यांतला एकच तरुण जिवंत किनाऱ्यास लागला. त्यानें आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशीं झुंजण्याची शपथ घेतली. आणि तेव्हांपासून बापामागून मुलगा तोच वेष घालीत आला. आजचा वेताळ हा एकविसावा. परंतु अरण्यांतील लोकांस वाटतें कीं तो एकच असून अमर आहे.

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, पहिली कथा लिहूं लागला तेव्हां मुखवट्याआड कोण आहे हें खुद्द फॉकचेंही कायम ठरलेलें नव्हतें. एका श्रीमंत, चैनी तरुणाला तो वेष द्यावा असा त्याचा मूळ बेत होता; कथा चालूं असतांना त्यानें तो बदलला. जो आरंभ कर्त्यालाच मागाहून सुचला, तो वाचकानें आधीं शोधून काढलाच पाहिजे असा हट्ट कां असावा?

इतर वीरांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. सुपरमॅन जून १९३८ च्या अंकांतून लोकांपुढें आला, आणि तो दुसऱ्या ग्रहावरून आला हें पहिल्याच पानावर सांगून टाकलेलें होतें. स्पायडरमॅनची उत्पत्तीही ऑगस्ट १९६२ च्या त्याच्या पहिल्याच कथेंत आहे. बॅटमॅनचें मात्र तसें नाहीं. तो मे १९३९ मध्यें 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकांत आला, आणि त्याच्या आईबापांचा खून त्याच्या डोळ्यांदेखत झाला होता हें वाचकांस ३३ व्या अंकांत, म्हणजे नोव्हेंबरांत, कळलें. सहा महिने त्या माणसाचें केवळ कर्तृत्व पाहावयाचें आणि मग त्याचें दुःख जाणून घ्यावयाचें, हा क्रम आम्हांस स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्ष जगांतही माणसांची ओळख अशीच होते. यावरून आमचा पहिला नियम असा कीं, लेखकानें जें आधीं सांगितलें तें आधीं वाचावें आणि जें राखून ठेवलें त्याची वाट पाहावी. कालक्रम हा दुसऱ्या वाचनाचा आनंद आहे. पहिल्या वाचनाचा नव्हे.

दुसरा नियम असा कीं, अंकावरील आंकड्यास भुलूं नये. १९८५-८६ मध्यें 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या कथेनें डीसी या प्रकाशनसंस्थेनें आपल्या नायकांचा पन्नास वर्षांचा इतिहास मोडून नव्यानें मांडला. २०११ सालीं त्याच संस्थेनें बावन्न माला पुन्हां पहिल्या अंकापासून सुरू केल्या. त्यामुळें 'अंक १' म्हणजे आरंभ असें आतां म्हणतां येत नाहीं. उलट, बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची सुप्रसिद्ध कथा, 'इयर वन', ही १९८७ सालीं त्याच्या मालेच्या ४०४ व्या अंकापासून चार अंकांत आली. नवख्या वाचकाच्या हातीं अशी चार अंकांत पुरी होणारी गोष्ट द्यावी. तीमधला माणूस आवडला तर पुढचा मार्ग तो आपला आपण काढील.

हें सर्व आम्हांस पुस्तकी चर्चा म्हणून सुचलेलें नाहीं. आम्ही महाडचे रहिवासी. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी यांचें पाणी शहरांत शिरलें. त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवीं दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. शेजारच्या पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. त्या दुःखापुढें पुस्तकांच्या हानीचा उच्चार करणें शोभत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी चिखल उपसून झाल्यावर प्रत्येक घर उरलेल्या वस्तु मोजीत बसलें, तसें आमचेंही बसलें. आणि तळमजल्यावरील एका पत्र्याच्या पेटींतून इंद्रजालचे जुने अंक निघाले. मुखपृष्ठें गळून गेलीं होतीं. त्यांबरोबर क्रमांक व तारखाही गेल्या होत्या. माळ्यावर दोऱ्या बांधून आम्हीं तीं पानें सुकविलीं आणि नऊ वर्षांच्या नातवास बरोबर घेऊन त्यांचा क्रम लावावयास बसलों.

क्रमांकावांचून क्रम लावणें म्हणजे गोष्ट खरोखर लक्षपूर्वक वाचणें, हें त्या दिवसांत आम्हां दोघांसही कळून आलें. डायना अजून प्रेयसीच आहे, तर ती कथा १९७७ च्या आधींची, कारण त्या वर्षीं फॉकनें तिचें व वेताळाचें लग्न लावून दिलें. घरांत जुळीं मुलें खेळत आहेत, तर ती नंतरची. कोठें बहादुर दिसला, तर तो अंक १९७६ च्या अलीकडचा, कारण आबिद सुरती यांचा तो देशी नायक त्याच वर्षीं या मालेंत आला. जादूगार मँड्रेक मात्र या कामीं कांहीं साहाय्य करीत नाहीं. त्याचें लग्न १९९७ सालीं झालें आणि माला तर १९९० मध्येंच बंद पडली होती. शिवाय इंग्रजी मालेंत १२३ व १२४ हे अंक संपामुळें निघालेच नाहींत. म्हणजे ज्यास आपण हरवलेलें समजतों तें कधीं कधीं मुळांत झालेलेंच नसतें.

आतां आम्ही मुख्य मुद्यावर येतों. हा मुलगा ज्या मुलखांत वाढतो तेथें वीरकथा केवळ पुस्तकांत नाहींत. त्या वाटेवर आहेत. आणि त्यांचा क्रम कोणत्याच नियमांत बसत नाहीं. महाडचें मूल प्रथम रायगड पाहतें. म्हणजे ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आणि ३ एप्रिल १६८० रोजीं देह ठेवलेल्या महाराजांची समाधि, हा शेवटचा अध्याय तें आधीं वाचतें. मग केव्हां तरी पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढून तें प्रतापगडास जातें आणि १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची गोष्ट ऐकतें. खुद्द पोलादपुरांत कवींद्र परमानंदांची समाधि आहे. त्यांचें संस्कृत 'शिवभारत' स. म. दिवेकर यांनीं संपादून १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. तें आजोबा मालोजींपासून सुरू होतें आणि बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभींच तुटतें. राज्याभिषेक त्यांत नाहीं. हरिभाऊ आपटे यांच्या 'उषःकाल', 'सूर्योदय' आणि 'सूर्यग्रहण' या कादंबऱ्यांच्या नांवांतच क्रम आहे. परंतु 'सूर्यग्रहण' अपुरें राहिलें, आणि १६७० ची कथा सांगणारें 'गड आला पण सिंह गेला' हें 'सूर्योदया'च्या आधींच लिहून झालें. महाडच्या चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह ज्या चित्रमय चरित्रांत आला आहे, त्या 'भीमायना'नें तर वर्षांचा क्रम बाजूस ठेवून पाणी, निवारा व प्रवास असे विषयवार भाग पाडले आहेत. २०११ सालचें हें पुस्तक दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनीं रेखाटलें. पाण्यासाठीं झालेला लढा समजून घेण्यास पाणी हाच आरंभ योग्य, असें त्यांचे कर्ते मानतात. आम्हांसही तें पटतें.

तेव्हां खऱ्या वीरांच्या कथाही मुलांनीं वाटेल तेथून वाचाव्या काय? आरंभापुरतें आमचें उत्तर होय असेंच आहे. रायगडापासून आरंभ केल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. भेद आहे तो शेवटाविषयीं, आणि तो आम्हांस नातवाच्याच एका प्रश्नानें दिसला.

तानाजीची गोष्ट त्यास आम्ही वाचून दाखवीत होतों. दोर कापला गेल्याचें वर्णन संपतांच तो म्हणाला, "आजोबा, पुढच्या अंकांत तो परत येतो ना?"

"नाहीं, बाळ. पुढच्या पानावर शेलारमामा आहेत, सूर्याजी आहे. तानाजी नाहीं."

"मग सूर्याजीनें त्याचा वेष घालावा. वेताळाचा मुलगा घालतो तसा."

मुलाचें म्हणणें तर्कास धरून होतें. जीं पुस्तकें त्यानें दोऱ्यांवर सुकविलीं होतीं, तीं त्यास हेंच शिकवीत होतीं. मालेंतला वीर मरत नाहीं, कारण माला चालली पाहिजे. एक मेला तर मुखवटा दुसरा चढवितो. पृथ्वी मोडली तर प्रकाशक नवी पृथ्वी काढून पुन्हां पहिल्या अंकापासून आरंभ करतात. हा त्या वाङ्मयाचा दोष नव्हे; मुलांना धीर देणारी ती एक सोय आहे. परंतु सूर्याजीनें लढाई पुढें नेली, तानाजीचें रूप घेतलें नाहीं. ४ फेब्रुवारी १६७० नंतर तानाजीचा अंक निघालेला नाहीं. आणि ज्या मुलानें आपल्याच तालुक्यांतलीं माणसें एका दुपारीं नाहींशी झाल्याचें ऐकलें आहे, त्यास हा भेद कोणी तरी सांगितला पाहिजे. तो न सांगतां त्याच्यापुढें दोन्ही पुस्तकें एकाच गठ्ठ्यांत ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

म्हणून पालकांस आमचा सल्ला थोडक्यांत असा. अद्भुत वीरांच्या मालेंत मुलास वाटेल तेथून उतरूं द्यावें. त्याच्या हातीं लहानशी, पुरी होणारी कथा द्यावी. नायकाची उत्पत्ति त्यास आपली आपण सांपडूं द्यावी. क्रमांक लावण्याचा खेळ त्याच्याबरोबर खेळावा, कारण त्यांत वाचन खोल होतें. खऱ्या माणसांच्या कथाही कोठूनही सुरू कराव्या, परंतु त्या शेवटापर्यंत न्याव्या आणि शेवट झाल्यावर पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसावें. आमच्या भागांतील वाचकांस तर पुस्तकापलीकडचीही सोय आहे. पोलादपूर तालुक्यांत उमरठ म्हणून गांव आहे. तेथें तानाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. गोष्ट वाचून झाल्यावर मुलास तेथें घेऊन जावें. आम्हीं नेलें. तो समाधीभोंवतीं फिरला, दगडास हात लावून पाहिला, आणि परततांना वाटेंत त्यानें पुढच्या अंकाविषयीं विचारलें नाहीं. तानाजीच्या मुलाचें नांव काय, एवढेंच विचारलें. रायबा, असें आम्हीं सांगितलें. त्याच्याच लग्नाच्या आमंत्रणाला तानाजी आले होते, असें आपल्याकडे सांगतात. तेव्हां वाचनाचा पुढचा भाग कोणता, हें त्याचें त्यानेंच ठरविलें होतें.